जुन्या घराची दुरुस्ती : चुना की सिमेंट?

शिवथरच्या खोऱ्यात पाऊस कसा पडतो हे वाचकांस सांगावयास नको. ज्येष्ठात लागलेली झड भाद्रपदापर्यंत भिंतीस सुकू देत नाही. अशा मुलखात दगड-मातीचे घर तीन-तीन पिढ्या उभे राहते, याचे कारण भिंत भिजत नाही हे नसून, भिजलेली भिंत पुढे आठ महिने वाळते हे आहे. एवढी एक गोष्ट ध्यानी धरली म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

आपल्याकडील काळा दगड पाणी फारसे पीत नाही. ते पितात दरजांतील माती व चुना. जोत्यातून वर ओढतात आणि उन्हाळ्यात त्याच वाटेने बाहेर टाकतात. अलीकडे दरजा सिमेंटने भरून वर सिमेंटचा गिलावा चढविण्याची चाल पडली आहे. सिमेंट कठीण खरे. परंतु त्यातून वाफ सहज बाहेर पडत नाही, आणि नरम भिंत जरा हलली की त्या कठीण कवचास बारीक भेगा पडतात. भेगेतून शिरलेले पाणी मग आतच राहते. गाभ्यातील माती ओली होऊन खाली बसते, दगड सुटतात, भिंतीस पोट येते. भिंतीत टेकविलेली तुळयांची टोके कुजतात व वाळवी नेमकी तेथेच घर करते. बाहेर पडण्यास वाव नसलेली ओल वर चढते; पूर्वी गुडघ्याइतकी होती ती छातीपर्यंत येते, आणि घरधनी पुन्हा सिमेंटच लावतो! पैसा जातो तो जातोच, मागाहून घरही जाते.

चुन्याचे काम अवघड नाही, मात्र त्यास सबुरी लागते. चुनखडी अथवा शिंपले सुमारे ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेत भाजले म्हणजे कळी होते. तिजवर पाणी घालताच ती उकळून फुलते. हा विरविलेला चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. न विरलेला खडा भिंतीत राहिल्यास मागाहून फुगून गिलावा फोडतो. मुरलेल्या चुन्याच्या एका भागास स्वच्छ वाळूचे सुमारे तीन भाग घ्यावे व सर्द जागी काही वाळूऐवजी विटांची सुरखी घालावी. पूर्वी हे मिश्रण बैलाच्या घाणीत मळीत, व त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचे पाणी घालीत. हिरडा तर आपल्या सह्याद्रीचाच. चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो, तोही बाहेरून आत, सावकाश. म्हणून थर पातळ द्यावे आणि प्रत्येक थर काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकावा. भातकापणी आटोपल्यापासून माघापर्यंतचा काळ यास उत्तम.

आता वास्तुविशारदाविषयी. हा शहरात बंगल्यांचे नकाशे काढणारा गृहस्थ, अशी आपली समजूत आहे. परंतु लहानशी कचेरी चालवून जुन्या व खेड्यांतील इमारतींचे काम करणारेही आहेत. मुंबईस भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय, जे १८७२ साली खुले झाले व आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावे आहे, त्याच्या जीर्णोद्धाराचे वास्तुविशारद विकास दिलावरी हे होत. त्या कामास २००५ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी विटा, चुना, माती यांतून स्वस्त घरे बांधून दाखविली. संग्रहालय कोठे आणि आपले माजघर कोठे, असे वाचक म्हणतील. पण तपासणीची रीत एकच. आधी मोजमाप: प्रत्येक खण, तुळई व भेग कागदावर यावयास हवी. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. पट्टी तडकली तर भेग अद्याप वाढते आहे असे समजते. मग पाणी कोठून येते याचा शोध. पुष्कळदा भिंतीचे दुखणे छपरात किंवा अंगणात असते. कौल सरकलेले, पागोळ्या थेट जोत्याशी पडणाऱ्या, अंगण भर घालता घालता जोत्याच्या वर आलेले! तेवढे नीट केले की निम्मे काम झाले. तुळईही सबंध काढीत नाहीत. कुजलेले टोक कापून तेथे सांधा देतात.

जुने ते सर्व उत्तम असे मात्र आमचे म्हणणे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व वरची जड धाबी कोसळून हजारो माणसे गाडली गेली. भिंतीचे आतील व बाहेरील पदर एकमेकांत गुंतलेले नव्हते, हा त्या बांधणीतला मोठा दोष. कोयनानगरचा १९६७ सालचा भूकंप तर आपल्या डोंगरापलीकडचाच. यास्तव दुरुस्तीच्या वेळी ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावे, आणि छपराखाली चारही भिंती बांधून घेणारा लाकडी किंवा लोखंडी सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा द्यावा. येथे सिमेंटास आमची हरकत नाही. उलटपक्षी महाडच्या काजळपुऱ्यात २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत पडून १६ जण दगावले. ती काही पणजोबांनी बांधलेली नव्हती.

ग्रामपंचायतीच्या आकारणी वहीत दगड-मातीच्या घराची प्रत हलकी लागते, म्हणून कित्येक बंधू लाजेने घर पाडावयास निघतात. आम्ही महसुली दप्तरात जन्म घालविला म्हणून सांगतो: ती नोंद कर बसविण्यापुरती आहे, भिंतीच्या बळाचा दाखला नव्हे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली समर्थांची घळ शोधून काढल्यापासून या खोऱ्यात यात्रेकरू येत आहेत. त्यांस उतरावयास थंड, कौलारू ओटी-पडवी दिली तर चार पैसे मिळतील. पत्र्याच्या खोलीत वैशाखात कोण राहील?

काम सर्व घरास एकदम लावू नये. पश्चिमेच्या, झड खाणाऱ्या भिंतीवर दोन हात जागेत चुन्याचा नमुना करून एक पावसाळा काढावा. गवंड्याशी ठराव रोजंदारीचा करावा, चौरस फुटाचा नको. फुटावर काम घेणारा गवंडी पहिला थर पुरता आवळण्यापूर्वीच दुसरा चढवितो. कळी घरधन्याने स्वतः आणावी व दसऱ्याच्या सुमारास आपल्या देखत विरवून हौदात मुरत घालावी, म्हणजे कापणी आटोपेपर्यंत चुना तयार असतो.