कंपनीच्या कचेरीतून राजदूतपदाकडे

राजदूत व्हायचे तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत जायचे, ही वाट अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना ठाऊक असते. पण सेवेबाहेरच्या माणसालाही सरकार हे पद देऊ शकते. वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे मूळचे वकील. 1943 ते 1947 या काळात ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. पुढे अमेरिकेत राजदूत झालेले गगनविहारी मेहता तर व्यापारातून आले.

मेहता सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे. इंग्रजी जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला तोंड देण्यासाठी वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि मेहतांचे वडील लल्लूभाई सामळदास यांनी 1919 मध्ये ती काढली. मेहतांनी तिची कोलकात्याची कचेरी वर्षानुवर्षे सांभाळली. 1942 मध्ये ते उद्योजकांच्या ‘फिक्की’चे अध्यक्ष झाले. पुढे संविधान सभा, टॅरिफ बोर्ड आणि नियोजन आयोगावर त्यांनी काम केले. 1952 मध्ये ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. कंपनी आणि दूतावास यांच्यामध्ये सार्वजनिक कामाची काही वर्षे होती. देशाची बाजू मांडायला ते त्या कामात शिकले.

आता नेमणूक कशी होते ते पाहू. सरकार नाव ठरवते, पण लगेच जाहीर करत नाही. ते आधी यजमान देशाला गुपचूप कळवले जाते. सोयरिकीत पाहुण्यांचा होकार येईस्तोवर बोभाटा करत नाहीत, तसेच हे. यजमानाने नकार दिला तर कारण सांगायला तो बांधील नाही. ही जुनी रीत राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 4 मध्ये नोंदली आहे. होकार आला की घोषणा होते आणि त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाच्या नावे आपल्या राष्ट्रपतींच्या सहीचे अधिकारपत्र निघते. 2007 ते 2012 या काळात ही सही अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील यांची असे. पत्र सादर झाले, किंवा तिथल्या रिवाजानुसार त्याची प्रत परराष्ट्र खात्याला दिली, की कामाला सुरुवात.

व्यापारातून आलेल्या माणसासाठी याच कराराचे कलम 42 सर्वांत महत्त्वाचे. यजमान देशात राजदूताला स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करता येत नाही. वाटाघाटीचे कसब आणि मालाची पारख तो सोबत नेतो. नफा मात्र मागे ठेवावा लागतो. दूतावासातले रोजचे शिष्टाचार आणि पत्रव्यवहार परराष्ट्र सेवेतले अधिकारी सांभाळतात.

पदाबरोबर माणसाचा मानही देशाचा होतो. ऑगस्ट 1955 मध्ये ह्यूस्टन विमानतळावरच्या उपाहारगृहात मेहतांना वर्णभेदामुळे वेगळ्या खोलीत बसायला सांगितले. तो भारताचा अपमान ठरला आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलस यांना माफी मागावी लागली.

1958 मध्ये मेहता परतले आणि आयसीआयसीआय या वित्तसंस्थेचे अध्यक्ष झाले. वऱ्हाडातल्या कापूस-सरकीच्या बाजारात घडलेल्या, जगाचे भाव जाणणाऱ्या माणसालाही ही वाट मोकळी आहे. मात्र तिची सुरुवात आपल्या धंद्यापलीकडच्या कामापासून करावी लागते.