रडीचा डाव कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन घरात आलं की टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. चिखलीजवळच्या एका गावात रिकाम्या वावरातच चुन्याने मैदान आखलं होतं. शेवटची ओव्हर सुरू होती. बॉलर धावत आला, थांबला आणि त्याने आपल्याच बाजूचा स्टंप उडवला. त्याच बाजूचा फलंदाज दोन पावलं पुढे निघालेला. अम्पायर नेमका बॅटिंगवाल्यांचाच! अर्धा तास कालवा झाला. "आधी सांगाचं होतं नं भाऊ!" असं एक जण ओरडला, तर बांधावरून कोणीतरी म्हणालं, "रडीचा डाव!"

ही शिवी नेमकी कोणाला लागू पडते? माझं मत पक्कं आहे. चेंडू सुटायच्या आधी दोन पावलं चोरतो त्याला.

या वादात विनू मंकड यांचं नाव निघालं की मला अजूनही वाईट वाटतं. माणूस जामनगरचा, पण मुंबई क्रिकेटचाही मोठा आधार. १९५२ साली लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा, शिवाय एका डावात पाच बळी. १९५६ मध्ये पंकज रॉय यांच्यासोबत ४१३ धावांची सलामी, जी ५२ वर्षं कोणाला मोडता आली नाही. आणि जगाने शब्द काय घडवला? 'मंकडिंग'! भारताच्या १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात यजमानांचा बिल ब्राऊन चेंडू सुटायच्या आधीच क्रीझ सोडून निघायचा. सिडनीच्या एका सराव सामन्यात मंकडांनी त्याला आधी समज दिली, तरी तो निघाला, तेव्हा बाद केलं. पुढे १३ डिसेंबरला, सिडनीच्याच कसोटीत, पुन्हा तेच घडलं. तिथल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. खुद्द ब्रॅडमन मात्र मंकडांच्या बाजूने उभे राहिले, आणि तेही आपल्या आत्मचरित्रात लिहून. गावसकरांनी या शब्दाला अनेकदा जाहीर हरकत घेतली आहे, ती मला शंभर टक्के पटते. चूक करणाऱ्याचं नाव विसरायचं आणि पकडणाऱ्याच्या नावाची शिवी करायची, हा कुठला न्याय?

नियमांचं थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून एमसीसीने बाद करण्याची ही पद्धत 'अनुचित खेळ' या ४१ व्या कलमातून उचलून सरळ 'धावबाद'च्या ३८ व्या कलमात ठेवली. आधी समज देण्याची सक्ती नियमात नाही. बस, एवढंच.

पण मग वेस्ट इंडीजच्या कोर्टनी वॉल्शचं काय? १६ ऑक्टोबर १९८७, लाहोर, विश्वचषक. पाकिस्तानची शेवटची जोडी, शेवटचा चेंडू, दोन धावा हव्यात. सलीम जाफर क्रीझबाहेर गेलेला. वॉल्श थांबला, त्याला बाद न करता परत गेला, आणि अब्दुल कादिरने दोन धावा काढल्या. वेस्ट इंडीज उपांत्य फेरीलाही पोचलं नाही. मंकडांनी आपलं हक्काचं घेतलं, वॉल्शने आपलं हक्काचं सोडलं. लबाडी दोघांतही नाही. मात्र सोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि त्या किमतीनेच मी भारावून जातो.

म्हणून माझा सगळ्यात लाडका सामना म्हणजे फेब्रुवारी १९८० मधली वानखेडेवरची सुवर्णमहोत्सवी कसोटी. मलकापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, की काहीतरी निमित्त काढून त्या स्टेडियमवरून चक्कर मारतोच. त्या कसोटीत १६ तारखेला खग्रास सूर्यग्रहण आलं, म्हणून विश्रांतीचा दिवस पहिल्याच दिवसानंतर ठेवला होता! भारताच्या २४२ धावा. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. बोथमच्या जोडीला यष्टिरक्षक बॉब टेलर. कपिलच्या चेंडूवर झेलबादचं अपील झालं, अम्पायर हनुमंतराव यांनी बोट वर केलं, टेलर रेंगाळत निघाला. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये होते. बॅटला चेंडू लागला नाही, अशी त्यांची खात्री. त्यांनी अम्पायरना सांगून टेलरला परत बोलावलं.

पुढचं कोणीही सांगेल. बोथम ११४, टेलर ४३, जोडी १७१ धावांची. बोथमने वर सामन्यात १३ बळी घेतले, टेलरने दहा झेल. भारत दहा गड्यांनी हरला. आपण सामना जिंकलो असतो तर ही गोष्ट मी इतक्या प्रेमाने सांगितली असती का, असं मुलाने विचारलं होतं. हो, सांगितली असती. पण तेव्हा विश्वनाथ यांचं मोठेपण इतकं उठून दिसलं नसतं.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये लागोपाठ दोन दिवस मी या विषयात बुडालो होतो. २४ तारखेला लॉर्ड्सवर, झुलन गोस्वामीच्या निरोपाच्या सामन्यात, दीप्ती शर्माने चार्ली डीनला याच पद्धतीने धावबाद केलं. इंग्लंडला १७ धावा हव्या होत्या, शेवटची जोडी होती, भारत १६ धावांनी जिंकला. इंग्लंडमध्ये पुन्हा तीच आरडाओरड. मी दीप्तीच्या बाजूने भांडलो.

दुसऱ्याच दिवशी कोइम्बतूरला दुलीप करंडकाची अंतिम लढत. पश्चिम विभागाचा यशस्वी जयस्वाल दक्षिणेच्या रवी तेजाला बोलून बोलून भंडावत होता. त्याच सामन्यात २६५ धावा काढलेला पोरगा, पण कर्णधार अजिंक्य रहाणेने त्याला सरळ मैदानाबाहेर पाठवलं. आपल्याच द्विशतकवीराला! तोंडाने त्रास देणं आणि नियमाने बाद करणं, यात फरक आहे. रहाणेने तो मैदानावर करून दाखवला.

चिखलीजवळच्या त्या सामन्यात शेवटी तो फलंदाज बाद ठरला. संध्याकाळच्या सामन्यात तोच पुन्हा खेळपट्टीच्या टोकाला उभा होता. या वेळी बॉलरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत त्याची बॅट चुन्याच्या रेषेवरून हलली नाही.