रोहूच्या कलेजीवर पिठाचा भार

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव भागात गेलो होतो माशांच्या बोटुकलीच्या दरांवर लिहायला. अडकलो खाद्याच्या पोत्यापाशी. सिंदफणेवरच्या धरणातला मासा आपलं पोट आपण भरतो. शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर, तळाला माती नाही, शेवाळ-किडे बेताचेच. तिथे रोहू-कटला खाणार मालक टाकेल तेच, आणि मालक टाकणार परवडेल तेच: भाताचा कोंडा, पेंड, कधी मक्याचं पीठ. पेंड महाग, म्हणून पिठाला हात सैल सुटतो.

यात सरसकट चूक नाही. मांसाहारी ट्राउटला 20 टक्क्यांपुढे पिष्ट झेपत नाही. रोहूला त्याहून बरंच चालतं. त्याला जठर नाही, पण आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब आणि पिष्ट फोडणारं अमायलेज भरपूर. पिठातून ऊर्जा मिळाली की प्रथिनं वाढीला उरतात. गोम पुढे आहे. रक्तात चढलेली साखर माशाला चटकन आवरता येत नाही, ती तासन्‌तास तशीच राहते. जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेन आणि चरबी होऊन साठते. असा मासा चिरला की लालसर तपकिरी कलेजीऐवजी फिकट, पिवळट, तेलकट मांस हाताला लागतं. काट्यावर मात्र तो छान भरतो.

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत विकास कुमार, एन. पी. साहू आणि सहकाऱ्यांनी रोहूच्या पिल्लांना 60 दिवस मक्याचं पिष्ट चारलं, कच्चं आणि शिजवलेलं. मग एरोमोनास जिवाणू टोचला. 2007 साली छापून आलेला निष्कर्ष असा की शिजवलेलं पिष्ट जास्त खाल्लेल्यांची प्रतिकारशक्ती खचली होती. मी हे वाचून थबकलो, कारण माशांच्या खाद्याची बाजारातली तरंगती गोळी शिजलेल्या पिष्टावरच उभी आहे. यंत्रातल्या वाफेने, दाबाने पिष्ट चिकट होतं, यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताच फुगतं, आत हवा कोंडते, म्हणून गोळी तरंगते.

काळजी वाटते ती बीडच्या उन्हाळ्याची. तळं भरतं पावसाळ्याच्या शेवटी, बोटुकली पडते उशिरा, त्यामुळे फेब्रुवारीत मासा लहानच असतो. पाणी आटायच्या आत वजन ओढायचं म्हणून पीठ वाढतं. न खाल्लेलं तळाशी कुजतं, प्राणवायू पितं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. कोमट, आटत्या पाण्यातल्या अशा थकलेल्या माशाला एरोमोनास सहज गाठतो. प्रथिनं वाढवावीत तर कापसाच्या या जिल्ह्यात सरकीची पेंड हाताशी आहे, पण तिच्यातलं गॉसिपॉलही यकृतालाच बाधतं. सोयाबीनची पेंड बरी, पण तिच्यावर कोंबडीवाल्यांचाही डोळा असतो, आणि तिचा भाव शेततळेवाल्याच्या हातात नसतो.