कौतुक माणसाचे की मालाचे?

'माझी जात घरी सांगितलीस का?' आंतरजातीय लग्नाला निघालेल्या आपल्या कितीतरी तरुण-तरुणींच्या ओठांवर हा प्रश्न येतो. २०१७ साली आलेल्या 'गेट आऊट' या अमेरिकन चित्रपटात ख्रिस हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार आपल्या गोऱ्या प्रेयसीला, रोझला, असेच विचारतो : मी काळा आहे हे तुझ्या आईवडिलांना ठाऊक आहे काय? ती हसते. ते तसले नाहीत म्हणते. आणि सुट्टीसाठी दोघे शहरापासून दूर, आडबाजूच्या त्या घरी जातात.

बाप मेंदूचा शल्यविशारद, आई मानसोपचारतज्ज्ञ. ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिले असते, असे सांगणारा हा बाप! घरात कुठे शिवी नाही, हेटाळणी नाही. पाहुणे येतात आणि ख्रिसच्या शरीरयष्टीचे कौतुक करतात. पण त्याच्या माघारी, अंगणात, बिंगोच्या पत्त्यांवर त्याचाच मुका लिलाव होतो. काळ्याच्या धडधाकट शरीरात गोऱ्याचा मेंदू बसवायचा, हा त्या सुसंस्कृत घराचा धंदा! आई चहाच्या कपात चमचा फिरवून ख्रिसला संमोहित करते. तो पाहतो, ऐकतो, पण हलू शकत नाही. पुढे त्याला रोझचे जुने फोटो सापडतात. तिने यापूर्वीही असेच प्रियकर घरी आणलेले असतात.

वकील म्हणून मला एक प्रसंग विशेष बोचला. वाटेत गाडीला हरीण धडकते. गाडी रोझ चालवीत असते, तरी पोलीस ओळखपत्र मागतो ख्रिसचे. रोझ त्याच्याशी भांडते, ओळखपत्र दाखवू देत नाही. आपल्याला वाटते, किती न्यायी मुलगी! कथा उलगडल्यावर ध्यानात येते की, ख्रिस तिच्यासोबत होता याची नोंद कुठल्याही कागदावर राहिली नाही.

याच अमेरिकेत १९५८ साली व्हर्जिनिया राज्यात पोलिसांनी रात्री घरात शिरून मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याला अटक केली होती. गुन्हा काय, तर काळी-गोऱ्याचे लग्न! १२ जून १९६७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे कायदे रद्द केले. कायद्याने शयनगृहातला पोलीस बाहेर काढला. पण मनात बसलेल्या मालकाला कोणते न्यायालय बाहेर काढणार?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ते ऋण खरेच होते. पण त्या मुक्तीनंतर काय उरले, हे सांगायला जॉर्डन पील हा कृष्णवर्णीय दिग्दर्शकच पुढे यावा लागला. या पटकथेसाठी त्यांना २०१८ साली ऑस्कर मिळाले. मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक. त्यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात, जीव वाचवून सुटलेल्या ख्रिसलाच पोलीस तुरुंगात टाकतात. पुढे त्यांनी तो बदलला.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्यालाही पंगतीला बोलावणारे आज पुष्कळ आहेत. जरूर जावे, जेवावेही. पण त्या घरात आपल्या मताला किंमत आहे की फक्त आपल्या संख्येला, हे ताटावर बसण्यापूर्वी विचारायला काय हरकत आहे?