डोंबिवलीच्या जिन्यावरची फुकट वीज

डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावरची सकाळची गर्दी, आणि फोटोखाली मजकूर: रोज इथे लाखो पावलं पडतात, पीझो फरशा बसवल्या तर स्टेशनच काय, लोकलही फुकट धावेल, पण करायची इच्छा कुणाला आहे? हा संदेश ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा उगवतो. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात अशा फरशीचं मॉडेल असतं, पाय ठेवला की एलईडी लुकलुकतो, बघणारे खूश होतात. हिशेब मात्र कुणी मांडत नाही, आणि तो तर साध्या गुणाकाराचा आहे.

या फरशांसाठी नेहमी ज्याचं नाव घेतलं जातं तो पदार्थ म्हणजे पीझेडटी, लेड झिर्कोनेट टायटनेट. हे फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक आहे: त्याच्या स्फटिकातले धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात. कारखान्यात एकदा जोरदार विद्युतक्षेत्र लावलं की या सरकण्याला, म्हणजे ध्रुवीकरणाला, एक ठरावीक दिशा मिळते आणि ती टिकते. दाब दिला की ते अंतर बदलतं आणि पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. ऊर्जा दाबणाऱ्याची, सिरॅमिक फक्त तिचं रूप बदलतं.

गोंधळ इथेच होतो. लोक वजनालाच ऊर्जा समजतात. साठ किलोचा माणूस फरशीवर तासभर नुसता उभा राहिला तर वीज मिळेल शून्य, कारण कार्य घडायला फरशी खाली जावी लागते. ती प्रत्येक पावलाला चक्क पाच मिलिमीटर दबते असं धरू. साठ किलो म्हणजे सुमारे ६०० न्यूटन, गुणिले ०.००५ मीटर, हाती आले ३ ज्यूल. आता उदार होऊन रोज पाच लाख माणसं धरू, प्रत्येकाची पन्नास पावलं या फरशांवर. अडीच कोटी पावलं, साडेसात कोटी ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे दिवसभराच्या गर्दीतून, एक कणही वाया न जाता, २१ युनिट.

एकवीस!

बारा डब्यांची भरलेली लोकल माणसांसकट ६०० टनांची धरली, आणि हे कमीच धरलं, तर तिला ताशी ६० किलोमीटरचा वेग द्यायला सुमारे २३ युनिट लागतात. डोंबिवलीकरांनी दिवसभर पाय आपटले तरी एक गाडी कोपरच्या दिशेला धड सुटणारसुद्धा नाही. शिवाय हे सगळं शंभर टक्के कार्यक्षमता धरून. दहा टक्के धरले तर उरतात दोन युनिट, म्हणजे दीड टनाचा एक एसी साधारण तास-दीड तास.

आणि ती वीज फुकट तरी कुठे आहे? दबणाऱ्या फरशीवर चालणं म्हणजे वाळूत चालणं. प्रत्येक पावलाला ते ३ ज्यूल चालणाऱ्याच्या पोटातल्या पोह्यांतून जातात. लोकलची वीज वाचवायचीच असेल तर मार्ग आहे, आणि तो वापरात आहे: थ्री-फेज लोकलमध्ये ब्रेक लावताना मोटारी जनित्रासारख्या चालतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. त्या २३ युनिटांपैकी तिसरा हिस्सा जरी परतला, तरी एका थांब्यावर साडेसात युनिट. याबद्दल मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

‘मग जपानने कसं केलं?’ हा ठरलेला प्रश्न. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने २००६ आणि २००८ मध्ये टोकियो स्थानकात अशा फरशांचे प्रयोग केले, हे खरं. नजर होती तिकिटाची फाटकं आणि दिव्यांचे फलक यांच्यासारख्या किरकोळ गरजांवर. गाड्या चालवण्याचा दावा त्यांनी केला नव्हता. लंडनच्या पेव्हजेन कंपनीच्या फरशांचे व्हिडिओही याच संदेशाला जोडले जातात. त्या फरशांत चुंबक आणि तारेची वेटोळी असतात, पीझो सिरॅमिक नव्हे.

स्वयंपाकघरातला खटक्याचा लायटर हा याच सिरॅमिकचा घरोघरचा नमुना. त्यात बॅटरी नसते, गारगोटीही नसते. स्प्रिंगवरची छोटी हातोडी सिरॅमिकवर आदळते आणि दहा-पंधरा हजार व्होल्ट तयार होतात. इतके व्होल्ट ऐकून भलत्या आशा बाळगू नयेत: ठिणगीतली ऊर्जा मिलिज्यूलमध्ये मोजायची असते, आणि गॅस पेटायला एका मिलिज्यूलचा पाव हिस्सासुद्धा पुरतो. ‘लायटरमधली वीज संपली’ हेही चूक. पावसाळ्यात ठिणगी पडत नाही ती बहुतेक वेळा ओलाव्यामुळे.

आता थोडी अवघड गोष्ट. या सिरॅमिकमधून इलेक्ट्रॉन आपोआप फवारले जातात, असंही सांगितलं जातं. इलेक्ट्रॉन बाहेर पडतात हे खरं. बेरियम टायटनेटच्या बाबतीत ते १९६० मध्येच नोंदवलं गेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सर्न प्रयोगशाळेत गुंडेल, रीगे आणि सहकाऱ्यांनी पीझेडटीच्याच कुळातल्या सिरॅमिकला उच्च व्होल्टेजचे अतिशय अल्पकाळाचे झटके दिले आणि निर्वातात इलेक्ट्रॉनचे जोरदार झोत मिळवले. ध्रुवीकरण झटकन बदलल्याने पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन ढकलले जातात, असा तेव्हाचा खुलासा होता. रोझेनमन, शुर, क्रासिक आणि दुनायेव्स्की यांनी २००० साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यानुसार दुबळं उत्सर्जन ध्रुवीकरणाच्या बदलातून होतं. जोरदार झोत मात्र धातूचा इलेक्ट्रोड, सिरॅमिक आणि निर्वात जिथे भेटतात तिथे पेटणाऱ्या प्लाझ्मातून येतो. दोन्ही वेळा बाहेरून व्होल्टेज, उष्णता किंवा दाब द्यावाच लागतो.

म्हणूनच गळ्यात घालायच्या ‘निगेटिव्ह आयन’ पेंडंटचा राग येतो. काहीही न देता सतत आयन निर्माण करणारी वस्तू दिसली तर शंका घ्यायलाच हवी. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा उत्पादनांबद्दल इशारा दिला. त्या सगळ्यांत किरणोत्सर्गी द्रव्य निघालं होतं.

पीझेडटीचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या सोनोग्राफी केंद्रांत पोटावर फिरणाऱ्या प्रोबमध्ये, पाणबुडीच्या सोनारमध्ये. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत तर पीझेडटीसाठी स्वतंत्र केंद्रच आहे. आणि फरशीचं मॉडेल करणाऱ्या मुलांनाही ते करू द्यावं, फक्त एलईडीच्या जोडीला डायोड-ब्रिजमधून एक कपॅसिटर लावायला सांगावं. शंभर उड्या मारायच्या, व्होल्टमीटर वाचायचा, व्होल्टचा वर्ग करून कपॅसिटन्सने गुणायचं आणि निम्मं करायचं. जे ज्यूल येतील ते तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे, आणि शेजारी एका युनिटचे ३६ लाख.