रोहिणी ते स्वाती एका रात्रीत : शेतकरी कुटुंबासाठी दोन दिवसांची आकाशदर्शन सहल

मृग कधी लागतो असे विचारले तर आपल्यापैकी प्रत्येक जण ७ जून असे चटकन सांगेल. आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त यांच्या तारखाही अनेकांना तोंडपाठ असतात. परंतु 'मृग आकाशात दाखवा' असे म्हटले तर मात्र बरेच जण घुटमळतात. घरातील वडीलधाऱ्यांना ही ओळख होती. रात्री खळ्यावर किंवा मोटेवर असताना ते चांदण्यांवरून वेळ सांगत. आता खळ्यावर, विहिरीवर आणि गोठ्यासमोर झगझगीत दिवे आले आणि ती ओळख मागे पडली. ती पुन्हा करून घेण्यासाठी रब्बीच्या कामातून दोन दिवस काढून कुटुंबासह एक सहल करावी. तिचे नियोजन कसे करावे हे या लेखात दिले आहे.

मृग जूनमध्ये का दिसत नाही?

'मृग लागला' याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्य एका नक्षत्रात सर्वसाधारणपणे १३ ते १४ दिवस राहतो. या काळात ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते आणि सूर्याबरोबरच मावळते. त्यामुळे ते दिवसाच्या उजेडात लपलेले असते. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूस गेलेली असते, तेव्हा तेच नक्षत्र रात्रभर आकाशात दिसते. मार्गशीर्ष महिन्याचे नावही यावरूनच पडले आहे, कारण त्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या आसपास असतो. थोडक्यात, पावसाळ्याची नक्षत्रे पाहावयाची तर हिवाळ्यातच पाहावी लागतात. डिसेंबरमधील एका लांब रात्रीत रोहिणीपासून स्वातीपर्यंतची बाराही नक्षत्रे क्रमाने पूर्वेकडून वर येतात. खरिपाचा सगळा हंगाम जणू एका रात्रीत डोळ्यांसमोरून जातो.

दिवस कसा निवडावा?

चंद्रप्रकाशात बारीक तारे दिसत नाहीत. म्हणून कार्तिक किंवा मार्गशीर्ष अमावास्येपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस निवडावेत. या दिवसांत चंद्र संध्याकाळी लवकर मावळतो व पुढील सर्व रात्र अंधारी मिळते.

मात्र केवळ पंचांग पाहून भागणार नाही, पिकाची अवस्थाही पाहावी. नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हास १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पहिले पाणी चुकवून चालत नाही. दुसरे पाणी ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना द्यावयाचे असते. या दोन पाळ्यांच्या मध्ये, म्हणजे डिसेंबरच्या मध्यास, साधारण दोन आठवड्यांची उसंत मिळते. अमावास्या या उसंतीत येत असेल तर उत्तम. न आल्यास पाण्याची पाळी सांभाळून पुढील अमावास्या धरावी. कृषी पंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री असते तो आठवडा टाळावा. दुभत्या जनावरांची दोन वेळची धार, वैरण व पाणी यांची जबाबदारी शेजाऱ्यास आधीच सांगून ठेवावी आणि पुढे त्याच्या सहलीच्या वेळी आपण ती घ्यावी.

ठिकाण : भंडारदरा ते घाटघर

उदाहरणादाखल अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेऊ. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे भागातील ज्या शेतकऱ्यांचे शेत प्रवरा कालव्यांवर भिजते, त्यांच्या पाटाचे पाणी याच डोंगरातून येते. आपले पाणी जेथून निघते ती जागा मुलांना एकदा दाखविणे हेही या सहलीचे मोठे काम आहे.

सकाळची धार आटोपून निघावे. मार्ग संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा आहे. अकोल्यास प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचे देवस्थान आहे. तेथे थोडे थांबावे, कारण याच नावाचा तारा रात्री पाहावयाचा आहे. वाहनात इंधन अकोले किंवा राजूर येथेच भरून घ्यावे. पुढे रंधा धबधबा लागतो. हिवाळ्यात धरणातून पाणी सोडलेले असेल तरच तो जोरात वाहतो. शेंडीजवळ भंडारदरा धरण आहे. प्रवरेवरील हे दगडी धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले.

शेंडीहून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरून परत शेंडीस येतो. उत्तरेस राज्यातील सर्वात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) व नैर्ऋत्येस रतनगड दिसतो. रतनगडाच्याच परिसरात प्रवरेचा उगम आहे. वाटेवर भाताची खाचरे, उतारावरील नागली व वरईची शेते आणि हिरडा, जांभूळ, उंबर यांची झाडी आहे. हिरडा गोळा करणे हा येथील आदिवासी शेतकऱ्यांचा महत्त्वाचा पूरक व्यवसाय आहे. डोंगरउतारावर बांध कसे घातले आहेत, खाचरात पाणी कसे अडविले आहे हे आपल्यासारख्यांनी थांबून पाहण्यासारखे आहे.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशाचे नियम व शुल्क नाक्यावर विचारून घ्यावे. शेकोटी ठरवून दिलेल्या जागीच करावी, कारण डिसेंबरात गवत वाळलेले असते व एका ठिणगीने डोंगर पेटतो.

मुक्कामाची जागा

मुक्काम वस्तीलगत, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी किंवा त्याच्या परवानगीने त्याच्या मोकळ्या शेतात करावा. जेवणाचे व जागेचे पैसे आधी ठरवून चोख द्यावेत. जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. पूर्व व दक्षिण दिशा मोकळी असावी, डोंगर अगदी जवळ नसावा, हॉटेलचे किंवा रस्त्याचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत. या भागात बिबट्याचा वावर असतो. म्हणून झाडीच्या कडेला बसू नये, लहान मुलांना एकटे सोडू नये. अंधार पडल्यावर घाटरस्त्याने वाहन चालवू नये.

सोबत ताडपत्री, घोंगड्या, स्वेटर, कानटोप्या, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. विजेरीच्या काचेवर लाल पातळ कागद बांधावा. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या एका झगमगाटाने ते सर्व फुकट जाते. लाल मंद उजेडाने तसे होत नाही. दुर्बीण नसली तरी चालेल. असल्यास ७ × ५० किंवा १० × ५० मापाची साधी द्विनेत्री पुरेशी आहे.

रात्रीचे वेळापत्रक

पुढील वेळा डिसेंबरच्या मध्यासाठी आहेत. तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतात. त्यामुळे महिनाअखेर गेल्यास यातील प्रत्येक वेळ तासभर आधी धरावी.

सायंकाळी ७.३० : पूर्वेस कृत्तिकांचा लहानसा पुंजका दिसतो. त्यात किती तारे मोजता येतात हे प्रत्येकाने आपापले सांगावे, बहुतेकांना सहा किंवा सात दिसतात. त्याखालील तांबूस तारा म्हणजे रोहिणी.

रात्री ९ : पूर्वेस मृग पूर्ण दिसतो. चार कोपऱ्यांस चार तारे व मध्ये सरळ रेषेत तीन तारे ही खूण. मृगातील तांबूस तारा काक्षी, यालाच आर्द्राची तारका धरण्याची पद्धत आहे. तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली गेल्यास आग्नेयेस व्याध लागतो. रात्रीच्या आकाशातील ताऱ्यांत तो सर्वात तेजस्वी आहे. ईशान्येस पुनर्वसूची जोडी वर येत असते.

रात्री ११ : पुष्य हा अंधुक पुंजका व आश्लेषा पूर्वेस आलेल्या असतात. क्षितिजालगत विळ्याच्या आकाराची मघा उगवत असते.

रात्री १.३० : पूर्वा व उत्तरा वर आलेल्या असतात. दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर अगस्त्य तारा दिसतो. हात लांब करून वीत पसरली असता साधारण २० अंश होतात, त्यावरून अंदाज घ्यावा. यानंतर थोड्याच वेळात हस्ताचे तारे उगवू लागतात.

पहाटे ३.३० : पूर्वेस चित्रा व स्वाती आणि पश्चिमेस अजूनही रोहिणी. या वेळी बाराही नक्षत्रे एकदम आकाशात असतात. मुलांना झोपू द्यावे, परंतु या वेळी आवर्जून उठवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटघरचा कोकणकडा व रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर पाहून दुपारी परत फिरावे. संध्याकाळच्या धारेपर्यंत घरी पोचता येते.

नक्षत्र पाहावे, पेरणी ओल पाहून करावी

नक्षत्रांची ही ओळख झाली म्हणजे त्यांच्याविषयीचा एक गैरसमजही दूर होतो. नक्षत्र हे पाऊस पाडत नाही, ते फक्त काळ दाखविते. सूर्याची नक्षत्रे व ऋतू यांचा मेळही कायम नाही. पृथ्वीच्या आसाच्या संथ फिरण्यामुळे तो सुमारे ७२ वर्षांत एक दिवस सरकतो. शिवकाळात ऋतूंच्या हिशेबाने मृग आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असे. म्हणून पंचांगातील वाहनावर किंवा केवळ तारखेवर विसंबून धूळपेरणी करण्याचा धोका पत्करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच खरिपाची पेरणी करावी.

अंधारही जपावा

सहलीहून आल्यावर आपल्या अंगणातून आकाश पाहा. जे तारे घाटघरला सहज दिसले त्यातील किती घरी दिसतात ते मोजा. जे दिसत नाहीत ते आपल्याच दिव्यांनी झाकले आहेत. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले अंधारे आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांतील दिवे उजेड फक्त जमिनीकडे टाकतील असे बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त वर वाया जाणारा उजेड थांबला.

हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. गोठ्याच्या व विहिरीच्या दिव्यावर पत्र्याची झाकणी बसवावी, काम संपताच दिवा बंद करावा. यात पिकाचेही हित आहे. सोयाबीन, शेवंती यांसारख्या पिकांना फुलोऱ्यासाठी लांब रात्र लागते, रात्रभर दिव्याखाली राहिलेल्या ओळींत फुलोरा लांबतो. प्रकाश सापळा लावणाऱ्यांना हेही माहीत आहे की उजेडावर किडींचे पतंग येतात, तसे मित्रकीटकही येतात. तेव्हा सापळा ठरावीक वेळ लावावा आणि विनाकारण जळणारा दिवा मालवावा.

पुढील जूनमध्ये मृग लागेल, तेव्हा तो दिसणार नाही. परंतु तो सूर्याच्या मागे कोठे उभा आहे हे आपल्या मुलांना माहीत असेल.