विद्यापीठांतील धंदेशिक्षण आणि शेतकऱ्याचा मुलगा

गेल्या वैशाखांत आमच्या परिचयाचे एक बागाईतदार गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा धाकटा मुलगा कृषि महाविद्यालयाची पदवी घेऊन नुकताच घरीं आला होता, आणि नोकरी न पाहतां भाजीपाल्याच्या रोपांचा धंदा करावयाचा, असें त्यानें घरांत सांगितलें होतें. शेडनेट, ट्रे, पाण्याची टाकी यांसाठीं पैसा हवा, म्हणून वडिलांनीं विहिरीखालच्या चार एकरांवर कर्ज काढावें, असा त्याचा आग्रह होता. गृहस्थ म्हणाले, “भाऊसाहेब, तुमचें आयुष्य जमिनीचीं दफ्तरें पाहण्यांत गेलें. मुलास पाठविलें तें शेती शिकावयास. हें धंद्याचें खूळ विद्यापीठानें त्याच्या डोक्यांत कां भरलें? आणि आतां मीं काय करावें?”

आम्हीं त्यांस तत्काळ उत्तर दिलें नाहीं. कारण असें कीं, सहा वर्षांपूर्वीं हाच प्रश्न आमच्या पुतण्यानें आम्हांस विचारला होता, आणि तेव्हां आम्हीं क्षणाचाही विचार न करतां “धंद्याचा नाद सोड, परीक्षा दे” असें सांगून मोकळे झालों. त्यानें आमचा शब्द मानला. सहा वर्षें तो स्पर्धापरीक्षा देत राहिला; आज त्यास नोकरी नाहीं, धंदा नाहीं, आणि घरच्या शेतांतही त्याचें मन लागत नाहीं. त्याचा दोष आम्ही त्याजकडे देत नाहीं. म्हणून या वेळीं आधीं माहिती मिळवावी आणि मग बोलावें, असें ठरविलें. ती माहिती व तीवरून झालेलें आमचें मत वाचकांपुढें ठेवीत आहों.

विद्यापीठाचा आणि धंद्याचा संबंध आजकालचा नाहीं. अमेरिकेंत १८६२ सालीं मॉरिल कायदा झाला. त्या देशाच्या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मिळून प्रत्येक प्रांताचे जितके सभासद, त्या प्रत्येकामागें ३०,००० एकर सरकारी जमीन प्रांतास द्यावी, ती विकून येणारा पैसा कायम ठेव म्हणून ठेवावा, आणि तीवर शेती व यंत्रकला शिकविणारीं महाविद्यालयें चालवावीं, अशी त्याची योजना होती. देवस्थानास व वतनदारांस दिलेल्या इनामांच्या नोंदी आम्हीं पुष्कळ पाहिल्या. परंतु शेतीच्या शिक्षणास इनाम, हा प्रकार आमच्या वाचनांत नवा होता. ही जमीन बव्हंशीं तेथील मूळच्या जमातींकडून घेतलेली होती, हेंही येथें सांगणें प्राप्त आहे.

अशाच इनामाचा लाभ मिळालेल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा वृत्तांत आमच्या बंधूंस उपयोगी पडेल. त्या प्रांतीं दूध मापावर विकलें जाई. पाणी घालणारा आणि न घालणारा यांस भाव एकच. १८९० सालीं तेथील प्राध्यापक स्टीफन बॅबकॉक यांनीं दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली, आणि तिचें पेटंट न घेतां ती सर्वांस मोकळी करून दिली. दुधाचा भाव ‘फॅट’वर ठरण्याची पद्धति रूढ होण्यास ही रीत मोठ्या प्रमाणांत कारण झाली. पुढें त्याच विद्यापीठांतील हॅरी स्टीनबॉक यांनीं अतिनील किरणांनीं अन्नांतील ‘ड’ जीवनसत्त्व वाढवितां येतें, हें सिद्ध केलें. त्यामुळें मुलांच्या मुडदुसावर उपाय सांपडला. एका धान्य कंपनीनें सुमारे दहा लाख डॉलर देऊं केले असतां ते त्यांनीं नाकारले. १९२५ सालीं माजी विद्यार्थ्यांच्या साह्यानें एक निधि स्थापन झाला. शोधाचे हक्क या निधीनें कंपन्यांस परवान्यानें द्यावे, आणि येणारें उत्पन्न विद्यापीठाच्या संशोधनास परत लावावें, असा नियम ठरला.

त्याचें फळ पाहा. १९३३ च्या हिवाळ्यांत एक शेतकरी बर्फांतून गाडी हांकीत त्या विद्यापीठांत आला. त्याचीं जनावरें रक्तस्रावानें मरत होतीं. त्यानें आपल्यासोबत न गोठलेल्या रक्तानें भरलेला दुधाचा कॅन आणि बिघडलेली स्वीट क्लोव्हर वैरण आणली होती. प्राध्यापक कार्ल लिंक व त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षें त्या वैरणीमागें लागले. १९३९ सालीं तिच्यांतील विषारी द्रव्य वेगळें काढण्यांत त्यांस यश आलें. त्याच धर्तीच्या द्रव्यापासून १९४८ सालीं ‘वॉरफरिन’ हें उंदीर मारण्याचें औषध बाजारांत आलें, आणि १९५४ पासून तेंच रक्ताची गांठ होऊं न देण्यासाठीं माणसांसही दिलें जाऊं लागलें. त्याच्या नांवांत त्या निधीच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत. शेतकऱ्याची अडचण, विद्यार्थ्याचे श्रम आणि विद्यापीठाची व्यवस्था हीं एकत्र आलीं म्हणजे धंदा कसा उभा राहतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

धंदा कसा उभारावा हें वर्गांत शिकविण्याचा प्रघात मात्र पुष्कळ उशिरां पडला. दुसरें महायुद्ध संपून सैनिक परत आले, तेव्हां १९४७ सालीं हार्वर्ड येथें मायल्स मेस यांनीं नव्या उद्योगांच्या व्यवस्थेवर एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यास १८८ विद्यार्थी बसले. त्याच प्रांतांतील बॅबसन महाविद्यालयानें पुढें एक पाऊल टाकलें. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे गट पाडावे, प्रत्येक गटास महाविद्यालयानें थोडें भांडवल उसनें द्यावें, गटानें खरोखरीचा माल खऱ्या गिऱ्हाइकांस विकावा, वर्षाअखेर उसनें फेडून धंदा मोडावा आणि राहिलेला नफा धर्मादायास द्यावा, अशी ती रीत आहे. यांत शिक्षणाचें मर्म आहे. भांडवल लहान असल्यामुळें बुडालें तरी घर बुडत नाहीं. आणि माल खरा असल्यामुळें चूक कागदावर राहत नाहीं.

आपल्याकडेही हा विचार आला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.नें २००४ सालीं ‘साईन’ नांवाचें उबवण केंद्र काढलें. उबवण केंद्र म्हणजे नव्या धंद्यास जागा, प्रयोगशाळा, हिशेबाचा व कायद्याचा सल्ला, आणि भांडवल देणाऱ्यांची ओळख कांहीं काळ पुरविणारें ठिकाण होय. रोप वाफ्यांत जपून मग शेतांत लावावें, तसाच हा प्रकार आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनें २००३ सालीं शेतीविषयक धंद्यांसाठीं असेंच केंद्र सुरू केलें. कृषि पदवीधरांस फुकट शिक्षण देऊन सल्ला व सेवा केंद्रें काढावयास लावणारी केंद्र सरकारची योजना २००२ सालीं आली. तिच्यांत प्रकल्पखर्चावर सर्वसाधारण उमेदवारास शेंकडा ३६, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस शेंकडा ४४ अनुदान ठेवण्यांत आलें होतें. २०१५ सालीं कृषि विद्यापीठांसाठीं ‘स्टुडंट रेडी’ हा कार्यक्रम जाहीर झाला. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या आपल्या चारही विद्यापीठांचे विद्यार्थी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून गांवांत येतात, तें या कार्यक्रमाचें एक अंग होय. दुसरें अंग असें कीं, शेवटच्या वर्षीं विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारांतच रोपवाटिका, कुक्कुटपालन, फळप्रक्रिया असा एखादा धंदा स्वतः चालवितात, माल विकतात व हिशेब ठेवतात.

एवढें वाचून झाल्यावर आम्हीं त्या मुलास बोलावून घेतलें. त्यानेंही महाविद्यालयांत रोपवाटिकाच चालविली होती, आणि त्याच्या वहींत नफा स्पष्ट दिसत होता. वही नेटकी होती. आमची नजर मात्र जुन्या संवयीनें जें लिहिलेलें नाहीं तें शोधूं लागली. जागेचें भाडें कोठें आहे? पाणी व वीज कोणाच्या खात्यावर पडली? सहा मुलांच्या मजुरीचा आकडा कां नाहीं? मुलगा थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, “भाऊसाहेब, हें सर्व कॉलेजचें होतें.” आम्ही दोघांनीं मिळून तेच हिशेब पुन्हा मांडले. भाडें, वीज व मजुरी धरतांच नफा जाऊन थोडा तोटा निघाला.

येथें आमच्या मतें या शिक्षणांतील उणीव आहे. विद्यार्थ्यास धंदा शिकविणें योग्यच आहे. परंतु जो हिशेब शिकवावयाचा त्यांत आवारांतील फुकटच्या वस्तूंचीही किंमत धरली पाहिजे. नाहीं तर मुलगा कुशल होऊन घरीं येतो, पण त्याची समजूत चुकीची असते; आणि तिची किंमत बापाची जमीन देते. सात-बाराच्या इतर हक्कांत चढलेला कर्जाचा बोजा बापाच्या हयातींत न उतरतां मुलाच्या वारसनोंदीसोबत पुढें गेलेला आम्हीं अनेक वेळां पाहिला आहे. तो बोजा लिहिणारा हात आमचाच असे, म्हणून हें आम्ही अधिकारानें सांगतों.

तरीही आम्हीं या मुलास ‘परीक्षा दे’ असें सांगितलें नाहीं. पितापुत्रांस एकत्र बसवून असें ठरविलें: जमीन गहाण टाकावयाची नाहीं. बापानें मुलास वीस गुंठे दोन वर्षांसाठीं द्यावे, आणि त्याचें भाडें कागदावर लिहून घ्यावें. भांडवल घरच्या शिलकेंतून, बुडालें तर सोसेल एवढेंच द्यावें. मुलानें स्वतःची मजुरी खर्चांत धरावी आणि दर महिन्याच्या अखेरीस वही बापापुढें ठेवावी. आगाऊ मागणी असल्याशिवाय एकही ट्रे भरावयाचा नाहीं. आणि महाविद्यालयाच्या ज्या गुरुजींनीं हें शिकविलें, त्यांस पहिल्या हंगामांत एकदां तरी जागेवर बोलवावें.

पहिल्या खेपेस टोमॅटोचीं निम्मीं रोपें बुडाशीं सडून कोलमडलीं. पाणी जास्त झालें होतें. बाप रागावला, पण रक्कम लहान होती व चूक वहींत लिहिलेली होती. गुरुजी येऊन पाहून गेले. दुसऱ्या खेपेचीं मिरचीचीं रोपें आजूबाजूच्या तीन गांवांत खपलीं. दोन्ही खेपांचा हिशेब एकत्र केला असतां अजून तोटाच आहे. मात्र तो किती आहे व कशामुळें आहे, हें पितापुत्र दोघेही जाणतात. दोन वर्षांनीं धंदा मोडावयाचा ठरला, तरी चारही एकर निर्वेध राहतील.

ज्या बंधूंचीं मुलें-मुली कृषि महाविद्यालयांत आहेत, त्यांस आमची विनंति आहे कीं, निकालाच्या कागदासोबत शेवटच्या वर्षाची धंद्याची वहीही मागून घ्यावी व जवळ बसून वाचावी. जें फुकट धरलें असेल त्याची किंमत विचारावी. परंतु विचारतांना हेतु मोडण्याचा नसावा. आमच्या पुतण्याजवळही तेव्हां अशीच एक वही होती. ती आम्हीं उघडूनसुद्धां पाहिली नाहीं. गेल्या महिन्यांत आम्ही ती त्याजकडे मागितली. त्यानें ती अजून जपून ठेवली आहे.